मुले जर्मन लिहितात, पण तोंड उघडत नाहीत

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी राजारामपुरीत संध्याकाळी जर्मनचा वर्ग घेते. माझी स्वतःची बी-२ पातळीची, म्हणजे सहांपैकी चौथ्या पायरीची, परीक्षा झालेली आहे. वर्गात आठवी ते दहावीची चौदा मुले आहेत. तक्ते त्यांना पाठ आहेत, चाचणीत गुणही चांगले पडतात. परंतु 'किती वाजले?' एवढे जर्मनमध्ये विचारले तरी सगळे खाली बघतात. एखाद्याने धीर करून उत्तर दिलेच, तर बाकीचे हसतात. शेवटच्या बाकावरची एक मुलगी वहीत एकही चूक करत नाही, पण जूनपासून तिचा आवाज मी ऐकलेला नाही. गृहपाठ बरेच जण मोबाईलवर भाषांतर करून आणतात, असा संशय आहे. वर्गात मराठी पूर्ण बंद करावी असे एका प्रशिक्षणात सांगितले होते, त्यानुसार दोन महिन्यांपूर्वी ती बंद केली, तर शांतता आणखीच वाढली. पालक मात्र 'परीक्षा कधी, जर्मनीला कधी' एवढेच विचारतात. माझे काय चुकते?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात चार-पाच तक्रारी आहेत, पण बहुतेकींचे मूळ एकच आहे असे मला वाटते. ही मुले गप्प बसतात ती हसे होईल या धास्तीने. जर्मन किती येते, हा प्रश्न त्यानंतरचा. आठवी-नववीतला मुलगा शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल सामन्याविषयी, कोणत्या तालमीच्या संघाने बचाव कुठे सैल सोडला याविषयी, मराठीत अर्धा तास बोलू शकतो. त्याच मुलाला जर्मनमध्ये उभे केले की 'माझे नाव अमुक, मला एक बहीण आहे' एवढी बालवाडीची वाक्ये त्याच्या वाट्याला येतात. आठ-नऊ वर्षांच्या पोराला त्याचे काही वाटत नाही. चौदाव्या वर्षी, आवाज नुकताच फुटलेला असताना आणि वर्गातल्या प्रत्येक नजरेचा हिशेब ठेवावा लागत असताना, ते फार लागते. मोठी माणसे भाषा शिकायला येतात तेव्हा हा कमीपणा ती स्वतः पैसे भरून पत्करतात. या मुलांचे पैसे मात्र आईवडिलांनी भरलेले असतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी मूळची कागलची. आमच्याकडे मुलीसुद्धा 'मी येतो', 'मी जातो' असेच म्हणतात, आणि त्यात काही वेगळे आहे हे मला अठराव्या वर्षापर्यंत जाणवलेही नव्हते. पुण्याला शिकायला गेले, वसतिगृहात पहिल्याच संध्याकाळी 'मी जरा जेवून येतो' म्हणाले आणि खोलीतल्या तिघीजणी हसल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. तरी पुढचे दोन-तीन आठवडे मी क्रियापदाच्या अलीकडेच वाक्य सोडून देत होते, 'मी जरा... हां, जेवायला', असे काहीतरी. ज्या भाषेत जन्मले, वाढले, तिच्यात माझी ही गत झाली, तर तुमच्या मुलांनी जर्मनमध्ये खाली मान घातली याचे मला नवल वाटत नाही.

आणि पुढे शिकवायला लागल्यावर नेमके हेच मी दुसऱ्याला केले. पहिल्या वर्षाच्या वर्गात एक मुलगा आदल्या दिवशी काय काय केले ते उभा राहून सांगत होता. 'मी गेलो' हे जर्मनमध्ये सांगताना 'बिन' हे सहायक क्रियापद लागते, त्याने 'हाबे' लावले: 'इश हाबे गेगांगेन'. मी त्याला मध्येच थांबवून 'बिन, बिन' म्हणाले. त्याने मान डोलावली आणि पुढचे वाक्य, 'मी मिसळ खाल्ली', तेही इमानाने 'बिन' लावून सांगितले. 'खाल्ली'ला मात्र 'हाबे'च लागते; 'इश बिन गेगेसेन' म्हणजे जवळजवळ 'मी खाल्ला गेलो आहे'. मला हसू आवरले नाही. 'अरे, तुला कुणी खाल्लं?' असे मी मोठ्याने विचारले आणि सगळा वर्ग खदखदला. तो खाली बसला आणि त्या वर्षी पुन्हा आपणहून एकदाही उठला नाही. खरे पाहता त्याने माझीच दुरुस्ती पाळली होती. मी अर्धा नियम सांगून त्याला मध्येच तोडले होते आणि उरलेल्या अर्ध्या नियमाची चूक त्याच्या नावावर जमा झाली.

त्यानंतर मी स्वतःला दोन बंधने घालून घेतली, ती तुम्हालाही उपयोगी पडतील. मूल बोलत असताना मध्ये दुरुस्ती करायची नाही. हातात एक कागद ठेवावा, चुका त्यावर टिपाव्यात आणि तास संपण्याआधी पाच मिनिटे त्यांतली तीनच वाक्ये, नाव न घेता आणि कुणाचे ते ओळखू येणार नाही एवढी बदलून, फळ्यावर लिहावीत. दुरुस्ती वर्गाने मिळून करावी. त्यापूर्वी काही करायचेच असेल तर आपल्या प्रश्नातून बरोबर रूप त्याच्या कानावर घालावे. तो 'हाबे गेगांगेन' म्हणाला, तर आपण सहज 'असं? डू बिस्ट गेगांगेन? कुठे?' असे जर्मनमध्ये विचारावे. त्याने त्या वेळी उचलले नाही तरी चालते, रूप कानावर पडलेले असते.

दुसरे बंधन असे, की शेजारच्याशी निदान दोनदा बोलून झालेले नाही असे काहीही कुणालाही सगळ्या वर्गासमोर बोलायला लावायचे नाही. चौदा मुले म्हणजे सात जोड्या. दोन मिनिटांत चौदाही जणांचे बोलणे होते, आणि त्या गोंगाटात कुणाची चूक कुणाला ऐकू जात नाही. तुम्हालाही जाणार नाही, आणि शिक्षकाला नेमके तेच सहन करणे जड जाते. पहिल्या आठवड्यात निम्म्या जोड्या मराठीत सामन्याच्या गप्पा मारतील, हे धरून चाला. प्रश्न नेमका दिला, उदाहरणार्थ 'शेजारी रविवारी किती वाजता उठतो ते विचारून वहीत लिहा', तर हे प्रमाण कमी होते, कारण प्रत्येकाला शेवटी एक आकडा तरी मिळवावा लागतो. हसण्याविषयी व्याख्यान देऊ नका. स्वतःच्या फजित्या सांगा, त्यांवर त्यांना पोट धरून हसू द्या; परंतु बोलणाऱ्या मुलावर कुणी हसले तर त्याच क्षणी, एकाच वाक्यात आणि साध्या मराठीत ते थांबवा.

आता मराठी बंद करण्याविषयी. तो सल्ला जिथून येतो तिथे तो योग्यच असतो: जर्मनीतल्या एखाद्या वर्गात तुर्की, अरबी, पोलिश आणि मराठी बोलणारी माणसे शेजारी-शेजारी बसलेली असतात, त्यांना जर्मनशिवाय दुसरी समाईक भाषाच नसते. राजारामपुरीत चौदाही मुले मराठी, बाईही मराठी, आणि तरी बाई मराठी कळत नसल्यासारखे वागतात, हे मुलांना नाटक वाटते, आणि नाटकात काम करायला ती लाजतात. माझी पद्धत अशी होती की समजावून सांगायचे ते मराठीत, आणि करायचे ते जर्मनमध्ये. वर्गाचे रोजचे व्यवहार, म्हणजे 'पुन्हा सांगा', 'कळले नाही', 'पान उलटा', 'याला जर्मनमध्ये काय म्हणतात', 'बाहेर जाऊ का', ही दहा-बारा वाक्ये भिंतीवर लावावीत आणि ती दोन्ही बाजूंनी जर्मनमध्येच म्हणावीत, त्यात सवलत नको. व्याकरणाचा मुद्दा मात्र पाच मिनिटांत मराठीत उलगडावा आणि लगेच जर्मन सरावाला लागावे.

मराठी ठेवा असे मी आग्रहाने म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. आपली मुले जर्मनकडे इंग्रजीच्या वाटेने जातात, आणि पुष्कळ ठिकाणी ती वाट लांबची असते. तुम्ही घड्याळाचा उल्लेख केला आहे, तेव्हा तेच घेऊ. जर्मनमध्ये अडीच वाजले हे 'हाल्ब द्राय' असे सांगतात. शब्दशः 'अर्धे तीन'. इंग्रजीतून विचार करणारा मुलगा हमखास साडेतीन समजतो आणि तासभर उशिरा पोहोचतो. त्याला 'अडीच' हा शब्द फोडून दाखवा. तो संस्कृत 'अर्धतृतीय' या शब्दावरून प्राकृतमार्गे आपल्याकडे आला: दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. 'हाल्ब द्राय' म्हणजे हेच, तिसरा तास अर्धा झालेला. 'दीड' हा 'द्व्यर्ध' यावरून आला, दुसरा अर्धा. आणि जर्मनमध्येही दीड या संख्येला 'आंडर्टहाल्ब' असा शब्द आहे, त्याचाही मूळ अर्थ दुसरा अर्धा असाच. म्हणजे दीड आणि अडीच या दोन शब्दांत आपण जर्मनांसारखेच मोजतो, साडेतीनपासून पुढे आपली रीत बदलते आणि त्यांची तशीच राहते. फळ्यावर एक घड्याळ काढा, दोन ते तीनमधला अर्धा भाग रंगवा, खाली 'अडीच' आणि 'हाल्ब द्राय' शेजारी-शेजारी लिहा. सव्वा आणि पावणे यांना तर समजावणीचीही गरज लागत नाही: सव्वासात म्हणजे सातनंतर पाव, पावणेआठ म्हणजे आठला पाव कमी, आणि जर्मनही तसेच म्हणतात.

संख्यांचेही तेच. पंचेचाळीस या शब्दात पाच आधी आणि चाळीस नंतर येतात. जर्मनमध्येही 'पाच-आणि-चाळीस' असाच क्रम आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' आल्यावर आपल्याकडे केवढा वाद झाला होता. जर्मन मुले अजूनही 'एक-आणि-वीस' म्हणतच गणिते करतात. इंग्रजीतून येणारे मूल ४५ ऐकून ५४ लिहिते, मराठीतून आलेले सहसा लिहीत नाही. एकोणतीस, एकोणचाळीस यांची फक्त आधी सूचना द्या, कारण तिथे आपण पुढच्या दशकातून एक वजा करतो आणि जर्मन सरळ 'नऊ-आणि-वीस' म्हणतात.

लिंगांच्या तक्त्याने मुले सर्वांत जास्त वैतागतात, हा माझा अनुभव आहे. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी, डेर ल्योफेल, डी गाबेल, डास मेसर, हे ऐकून एखादा विचारतोच, 'बाई, याला काही लॉजिक?' त्याला म्हणावे, तू जेवायला बसतोस तेव्हा ताट ते, वाटी ती आणि तांब्या तो. हे तुला कुणी शिकवले? बस ती, ट्रक तो आणि टेबल ते, हे तर बाहेरून आलेले शब्द, त्यांना लिंग कुणी वाटले? हे पटले की नामाबरोबर डेर-डी-डास एकाच दमात पाठ करायचे, हेही पटते. दोन्हीकडची लिंगे जुळतील अशी आशा मात्र दाखवू नका; चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी आहे, पण सूर्य तिकडे स्त्रीलिंगी होतो. मुलगी या अर्थाचा 'मेडशेन' हा शब्द नपुंसकलिंगी का, असे विचारतील, तेव्हा 'शेन' हा लघुत्व दाखवणारा प्रत्यय लागलेला प्रत्येक शब्द नपुंसकलिंगी होतो हा नियम सांगा, आणि आपले पोरगं, लेकरू आठवून द्या.

गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, या नियमावर पाठ्यपुस्तके दोन-दोन धडे खर्च करतात. 'डास एर मॉर्गन नाख पुणे फेर्ट' हे फळ्यावर लिहा आणि खाली एकेका शब्दाखाली मराठी ठेवत जा: की, तो, उद्या, पुण्याला, जातो. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही.

उच्चारांत एकच गोष्ट सांगते, कारण ती जर्मनच्या पुस्तकांत सापडणार नाही. जर्मन 'झेड' अक्षराचा उच्चार 'त्स' होतो, आणि तो आपल्या 'चाक', 'चूल', 'चोर' यांतल्या 'च'मध्ये तयारच आहे. त्यामुळे 'त्साइट' मुलांना पहिल्या दिवशी जमते. परंतु मराठीत इ आणि ए यांच्या आधी हा दंत्य 'च' तालव्य होतो, जसा 'चिंच' किंवा 'चेहरा' यांत. म्हणून 'त्सिमर'चे 'चिमर' आणि 'त्सेन'चे 'चेन' होते. चुकीचे कारण कळले की मुले ती स्वतः पकडतात. शेजाऱ्याची पकडायला तर फारच आवडते, तेव्हा हे जोड्यांतच होऊ द्या.

ही तुलना मात्र पाच मिनिटांपुढे नेऊ नका. ती आपल्याला फार आवडते, मी स्वतः कितीतरी तास अशा व्युत्पत्त्या सांगण्यात घालवले, आणि मुले आनंदाने ऐकत राहिली, कारण तेवढा वेळ त्यांना बोलावे लागत नव्हते.

बोलायला विषय कोल्हापुरातले द्या. पुस्तकातल्या बर्लिनच्या स्थानकावरचे तिकीट तुमच्या मुलांनी कधी काढलेले नाही. रंकाळ्यावर भेटायची वेळ ठरवणे, मिसळीच्या दुकानात कट जास्त मागणे, हे त्यांना येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ या वर्षांत, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलंडमधून परागंदा झालेल्या सुमारे ५,००० माणसांची छावणी होती, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले होती. त्यांच्यापैकी कुणाची नात आपली आजी कुठे राहिली ते बघायला आली आहे आणि तिला थोडी जर्मन येते, असे कल्पून तिला बसस्थानकापासून वाट सांगायला लावा. अशा वेळी डावीकडे-उजवीकडे हे शब्द मुले मागून घेतात. शिवाजी विद्यापीठात परदेशी भाषांचा विभाग आहे; तिथला एखादा विद्यार्थी महिन्यातून एकदा पाहुणा म्हणून आला, तर वर्गाला बाईंखेरीज दुसरे कुणी प्रश्न विचारणारे मिळेल.

मोबाईलच्या भाषांतरावर बंदी घालून उपयोग नाही. घरून आणलेल्या लिखाणाला गुण देणे बंद करा आणि तासाच्या सुरुवातीला वर्गातच पाच वाक्ये लिहून घ्या. एखाद्या दिवशी यंत्रालाच वर्गात तपासायला आणा. 'तू कुठे राहतोस?' हे इंग्रजीतून घातले की इंग्रजीत तू-तुम्ही हा भेद नसल्यामुळे उत्तरात अनेकदा 'झी' येते, म्हणजे वर्गमित्राला 'आपण कुठे राहता?' असे विचारल्यासारखे होते. मराठी मुलांना हे क्षणात कळते, कारण मित्राला अहो-जाहो कसे ऐकू येते हे त्यांना ठाऊक आहे.

पालकांशी स्पष्ट बोला. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत काम करणाऱ्या अनेक पालकांच्या मनात ही वाट आहे, आणि त्यात गैर काही नाही. परंतु ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत, तिकडच्या व्यवसाय-प्रशिक्षणासाठी सामान्यतः बी-१ ही तिसरी पायरी लागते, आणि तुमची मुले पहिलीवर आहेत. त्यांच्या वयासाठी गोएथे संस्थेच्या, म्हणजे आपल्याकडच्या माक्स म्युलर भवनाच्या, ए-१ आणि ए-२ या पातळ्यांच्या 'फिट इन डॉइच' परीक्षा आहेत. पालकांना एवढेच दाखवा की त्यांत ऐकणे, वाचणे, लिहिणे यांच्या बरोबरीने बोलण्यालाही गुण असतात, आणि पहिल्या परीक्षेत मुलांना एकमेकांना प्रश्न विचारावे लागतात. जोड्यांच्या गोंगाटाविषयी तक्रार आली तर हे उत्तर पुरेल.

शेवटच्या बाकावरच्या मुलीला सगळ्यांसमोर प्रश्न विचारू नका, आणि तिच्या वहीचे जाहीर कौतुकही सध्या करू नका. त्याने सगळे वळून तिच्याकडेच बघतात. जिच्याशी ती मधल्या सुट्टीत बोलते, तिच्याशीच तिची जोडी लावा. घरी मोबाईलवर दोन वाक्ये आवाजात नोंदवून तुम्हाला एकटीला पाठवायला सांगा, आणि तुमचे उत्तरही आवाजातच जाऊ द्या, त्यात दुरुस्ती नको, तिने सांगितले त्याविषयी पुढचा प्रश्न असू द्या. तीन-चार आठवड्यांनी तिच्या हातात एक कागदाचे घड्याळ द्या. काटे तिने फिरवायचे, 'किती वाजले?' असे जर्मनमध्ये तिने विचारायचे आणि उत्तर बाकीच्या तेरा जणांनी द्यायचे. सुरुवात अडीचपासून करायला सांगा, तिथे निम्मे तरी चुकतील.